वरच्या मजल्यावरचा आवाज

अलिबागहून मुंबई पाण्यापलीकडेच. तरी दूरदर्शनवर मुंग्या आल्या की कुणीतरी कौलांवर चढायचं, अँटेना उत्तरेला फिरवायचा आणि खालून आरोळी यायची, ‘आलं, आलं!’ १९८८ साली अशा मुंग्यांतून ‘वागले की दुनिया’ ही मालिका आमच्या घरात आली. कल्पना आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन कुंदन शाह यांचं आणि निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. दुर्गाबाई उतारवयात अलिबागला येऊन राहिल्या होत्या. तेवढ्या धाग्यावर राधिका वागले झालेल्या भारती आचरेकरांवर आम्ही गावकीचा हक्क सांगतो!

दुर्गाबाईंनी १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटात तारामतीची गाणी स्वतःच म्हटली. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नायिकेला गळा असावाच लागे. पुढे गळा एकीचा आणि चेहरा दुसरीचा, अशी वाटणी झाली. भारतीताईंचा जन्म या वाटणीनंतरचा, आणि तोही गायिका माणिक वर्मांच्या पोटी. हिराबाई बडोदेकरांची तालीम मिळालेल्या माणिकताईंनी पुणे आकाशवाणीच्या ‘गीतरामायणा’त सीतेची गाणी गायली. महाराष्ट्राने ती सीता नुसती ऐकली, पाहिली कधीच नाही.

लेकीची सुरुवातही गाण्यातूनच झाली. ‘धन्य ते गायनी कळा’ या संगीत नाटकाला संगीत होतं पंडित भीमसेन जोशींचं. पण संगीत नाटकाचे दिवस तेव्हा मावळतीला लागले होते. त्यानंतर विजया मेहतांचं ‘हमीदाबाईची कोठी’ आलं. गाणाऱ्या बाईचं गाणं तबकडीत गेलं की कोठीचं काय होतं, हा त्या नाटकाचा सल. त्यात भारतीताई असाव्यात, याला मी तरी निव्वळ योगायोग म्हणणार नाही.

मालिकांनी मात्र त्यांच्याकडे गाणं फारसं मागितलं नाही. आई, बायको, शेजारीण, सासू हेच मागितलं. ते त्यांनी चोख दिलं. २०२१मध्ये ‘वागले’ नव्या पिढीसह परतली, तेव्हा वागले झालेल्या अंजन श्रीवास्तव यांच्याबरोबर त्यांनी पुन्हा तेच घर मांडलं. तरी कान देऊन ऐका. राधिका चिडते तेव्हा ओरडत नाही, वाक्याच्या शेवटी स्वर किंचित चढवून तिथेच सोडून देते. तालमीत बसलेल्या बाईलाच हे सुचतं.

आणि त्याआधीचा, २०१३चा ‘द लंचबॉक्स’. रितेश बत्रांनी त्यांना पडद्यावर आणलंच नाही. देशपांडे आंटी वरच्या मजल्यावर राहते. खिडकीतून बोलते, दोरीने टोपली खाली सोडते, तिचा नवरा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला आहे. टोपली तेवढी दिसते, बाकी सगळं आपल्याला कळतं ते केवळ आवाजातून. थट्टा, हुकूम, शीण, सगळं त्याच आवाजात. आईची सीताही अशीच, रेडिओच्या जाळीमागून यायची.

चित्रपट संपल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘ती वरची बाई कोण गं? ओळखीची वाटते.’ मी म्हटलं, ‘राधिका वागले.’ त्यावर काकूंना आठवला तो कौलांवरचा अँटेना.