हिरवळ काढायची वर्गणी आणि मताचं पाकीट

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट, सॅन रामोन किंवा अर्व्हाइनला घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांना कर्जाच्या हप्त्याबरोबर दर महिन्याला आणखी एक रक्कम भरावी लागते. ती घरमालक संघटनेची, म्हणजे तिथल्या भाषेत एचओएची. अंतर्गत रस्ते, तरणतलाव, कुंपणभिंती, सामायिक बाग हे सगळं ती संघटना सांभाळते. नेहमीच्या मेंटेनन्समध्ये एखादं मोठं काम भागत नसेल, तर ‘स्पेशल असेसमेंट’ म्हणजे जादा वर्गणी लावते. छप्पर गळत असेल तर लोक नाखुशीनं का होईना, पैसे देतात. बागेसाठी वर्गणी म्हटलं की मात्र वस्तीत दोन तट पडतात.

यापुढे हे तट जास्त वेळा पडतील, कारण पाणी. एप्रिल २०१५ मध्ये सिएरा पर्वतात जिथे दरवर्षी बर्फाची जाडी मोजतात, तिथे बर्फच नव्हता. तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्याच कोरड्या माळावर उभं राहून शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात जाहीर केली. पुढे २०२३ मध्ये राज्यानं कायदाच केला. जी हिरवळ नुसती बघायला आहे, जिच्यावर कुणी खेळत-बसत नाही, तिला पिण्याचं पाणी घालायचं नाही. एचओएच्या सामायिक जागांना हा नियम १ जानेवारी २०२९ पासून लागू होईल. मुलांच्या खेळाचं मैदान यातून वगळलं आहे, आणि तुमच्या स्वतःच्या परसातल्या लॉनलाही हा कायदा हात लावत नाही.

आता फूटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची अरुंद पट्टी आठवून बघा. पहाटे स्प्रिंकलर सुरू होतात, बरंचसं पाणी काँक्रीटवर पडतं आणि गटाराकडे वाहत जातं. ही पट्टी काढायलाच हवी. पण नुसतं पाणी तोडून चालत नाही. त्या गवतात उभी असलेली झाडं वर्षानुवर्षं त्याच फवाऱ्यावर वाढलेली असतात, मुळं वरच्या थरात पसरलेली असतात. फवारे बंद केले की उन्हाळ्यात ती वाळू लागतात. म्हणून आधी झाडांना ठिबकच्या नळ्या टाकायच्या, मग गवत काढायचं, लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन घालायचं आणि सिॲनोथस, मान्झानिटा अशी कमी पाण्यावर जगणारी स्थानिक झुडपं लावायची. खर्च वाढतो तो या क्रमामुळे. हाच खर्च वाचवू पाहणाऱ्या संघटनेला पुढे वाळलेली झाडं तोडण्याचे पैसे मोजावे लागतात.

वर्गणी लावायला कायद्याची वेसण आहे. वर्षभरात लावलेली जादा वर्गणी त्या वर्षाच्या अंदाजपत्रकी खर्चाच्या ५ टक्क्यांवर जात असेल, तर बोर्डाला सभासदांचं मत घ्यावंच लागतं. अपवाद फक्त आणीबाणीच्या खर्चाचा. समजा, १२० घरांची वस्ती आहे आणि वर्षाचा खर्च सहा लाख डॉलर. मग तीस हजारांपर्यंत, म्हणजे सारखी वाटणी असेल तर घरामागे अडीचशे डॉलरपर्यंत बोर्ड आपल्या अधिकारात वसूल करू शकतं. बागेचं काम एक लाख ऐंशी हजारांचं निघालं, घरामागे दीड हजार आले, की मतदान.

हे मतदान गुप्त असतं. मतपत्रिका किमान तीस दिवस आधी घरी येते. खूण केलेली पत्रिका आतल्या पाकिटात घालून ते चिकटवायचं, त्यावर काही लिहायचं नाही. ते बाहेरच्या पाकिटात घालायचं आणि त्यावर नाव, पत्ता, सही करायची. मोजणी निवडणूक निरीक्षक सभासदांसमोर करतो. संचालकांची निवडणूक आता ऑनलाइन घेता येते, वर्गणीचं मतदान मात्र अजून कागदावरच घ्यावं लागतं.

घोडं अडतं ते गणपूर्तीवर. निम्म्याहून जास्त सभासदांची मतं यावी लागतात. आपल्या उदाहरणात ६१ पाकिटं आली तर त्यातली ३१ ‘हो’ पुरेशी. पण साठच आली, आणि साठही जणांनी ‘हो’ म्हटलं, तरी ठराव पडतो. महाराष्ट्रातल्या सोसायटीत दोन तृतीयांश किंवा वीस, यातली कमी संख्या गणपूर्तीला चालते. तेवढे जमले नाहीत तर तहकूब सभा हजर असतील तेवढ्यांवर होते. त्यामुळे आपल्याकडे घरी बसलेल्याच्या वतीनं दुसरे निर्णय घेतात. तिकडे घरी बसलेला माणूस निर्णयच अडवून ठेवतो. मला तिथली पद्धत जास्त न्याय्य वाटते, कारण शेजाऱ्याच्या खिशात हात घालायचा तर निदान निम्म्या वस्तीनं तोंड उघडलं पाहिजे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या जोडप्याला दीड हजार डॉलर ही लहान रक्कम नाही. बोर्डानं हप्ते करून द्यावेत, ते सहज जमण्यासारखं आहे. वर्गणी थकली तर विलंब आकार, वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत व्याज आणि घरावर बोजा चढू शकतो. थकबाकी १,८०० डॉलरवर गेली किंवा वर्षाहून जुनी झाली, तर जप्तीचाही मार्ग खुला होतो.

म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी बोर्डाला नेमकं विचारा. गेल्या तीन वर्षांची पाण्याची बिलं दाखवा. कुठली हिरवळ जाणार, कुठली राहणार, याचा नकाशा द्या. झाडांसाठी वेगळ्या नळ्या आराखड्यात आहेत का? पाणीपुरवठा संस्थेचं गवत काढण्याचं अनुदान मिळत असेल, तर अर्ज केला का? ते अनेकदा काम सुरू करण्याआधीच मागावं लागतं. या प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळाली, तर वर्गणी द्यावी. कारंजं आणि शोभेच्या कमानीच पुढे येत असतील, तर खुशाल ‘नाही’ म्हणावं.

तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना, भावंडांना एवढं जरूर सांगा: एचओएचं पाकीट जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका. मत कुठलंही असो, बाहेरच्या पाकिटावर सही करा आणि मुदतीच्या आत पोस्टात टाका.