विश्लेषण : मलावी सरोवरात मासे घटले आणि आजार वाढला, यात गोगलगायीचा संबंध काय?

आफ्रिकेतील मलावी सरोवराचा मोकळा, वाळूचा किनारा पोहण्यासाठी सुरक्षित आहे, असे १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मानले जात होते. लघवीतून रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमियासिस म्हणजेच बिल्हार्झिया या आजाराचा धोका फक्त ओढे आणि लव्हाळ्यांच्या आडोशाला, असा समज होता. कारण त्याच्या परजीवीला आसरा देणारी बुलिनस ग्लोबोसस ही गोगलगाय अशाच जागी राहते. पुढे मात्र केप मॅक्लिअर परिसरात मोकळ्या किनाऱ्यावरही गावकऱ्यांना आणि पर्यटकांना संसर्ग होऊ लागला.

मग नवा वाहक कोण?

२००१मध्ये संशोधकांनी बोट ठेवले ते बुलिनस नायासानस या प्रजातीवर. ही छोटी, डाव्या पिळाची गोगलगाय मूळची याच सरोवरातली. वनस्पतींऐवजी तिला उघडी वाळू लागते; दिवसा ती वाळूत स्वतःला पुरून घेते. बाधित माणसाच्या लघवीतून परजीवीची अंडी पाण्यात जातात. त्यातली अळी गोगलगायीत शिरते, तिथे एकीच्या हजारो होतात आणि बाहेर पडून माणसाच्या त्वचेतून थेट शरीरात घुसतात. ते पाणी पिण्याचीही गरज नाही, नुसते पाय बुडवले तरी पुरे.

महाराष्ट्रालाही हा आजार अगदीच अनोळखी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात १९५०च्या दशकात त्याचे रुग्ण आढळले होते. तिथे संशय होता फेरिसिया टेनुइस या वेगळ्याच गोगलगायीवर.

मासे कुठे गेले?

ट्रेमॅटोक्रॅनस प्लॅकोडॉन हा मलावीतला मासा घशातल्या दातांनी गोगलगायीचे कवच फोडून खातो. बारीक जाळ्यांनी किनाऱ्यालगत बेसुमार मासेमारी झाली, हा मासा घटला आणि गोगलगायी वाढल्या, असे संशोधकांचे म्हणणे आहे. कंट्रोल सिस्टीमच्या पेपरला आम्ही घोकलेला फीडबॅक लूप इथे तुटलेला दिसतो.

उपचार आहे. प्राझिक्वान्टेलच्या गोळ्यांनी शरीरातले परजीवी मरतात. पण गोळी घेतलेले मूल दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात उतरते. मग किनाऱ्यावर मासेमारीच थांबवायची का? आजारी पडणारी आणि जाळे टाकणारी घरे तीच आहेत, संध्याकाळची चूलही त्याच माशांवर पेटते. काही ठिकाणी तर मलेरियापासून बचावासाठी मिळालेल्या मच्छरदाण्यांचेच जाळे होते.