वाटाघाटींतून मिळालेले महिने

मार्च १९७१. पूर्व पाकिस्तानात, ढाक्यातल्या अध्यक्षीय निवासात बैठकांवर बैठका चालू होत्या. पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल याह्या खान १५ मार्चला ढाक्यात उतरले, दुसऱ्या दिवसापासून शेख मुजीबुर रहमान यांच्याशी बोलणी सुरू झाली आणि २१ तारखेला पश्चिम पाकिस्तानातले नेते झुल्फिकार अली भुट्टोही येऊन दाखल झाले. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत मुजीब यांच्या अवामी लीगने राष्ट्रीय असेंब्लीच्या ३०० थेट जागांपैकी १६० जिंकल्या होत्या. सरकार त्यांचेच व्हायला हवे होते, आणि चर्चेतून तोडगा निघेल ही आशा ढाक्यात अनेकांना होती. त्याच दिवसांत पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीच्या विमानांतून साध्या कपड्यांतले तरुण ढाक्याला उतरत होते. ते सैनिक होते.

ही विमाने थेट येऊ शकत नव्हती. ३० जानेवारीला इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले आणि तिथे जाळण्यात आले. त्यानंतर भारताने आपल्या हद्दीवरून उडायला पाकिस्तानी विमानांना मनाई केली. कराचीहून ढाक्याला जायचे तर कोलंबोचा वळसा घेणे भाग पडले. फेरा लांबला म्हणजे तितकीच माणसे पोचवायला दिवस जास्त लागणार, आणि ते दिवस वाटाघाटींनी मिळवून दिले. समुद्रमार्गे आलेल्या शस्त्रांचीही तीच गत होती: चितगाव बंदरात ‘स्वात’ नावाचे जहाज दारूगोळा घेऊन उभे होते; गोदी कामगारांनी तो उतरवायला नकार दिला होता.

याह्या खान पहिल्या दिवसापासून फसवत होते की मध्येच त्यांचा विचार फिरला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण एक तपशील फार बोलका आहे. पाकिस्तानी लष्कराचे तेव्हाचे ढाक्यातले जनसंपर्क अधिकारी सिद्दीक सालिक यांनी लिहून ठेवले आहे की, मेजर जनरल राव फरमान अली यांनी १८ मार्चला फिकट निळ्या कागदाच्या पॅडवर साध्या शिसपेन्सिलीने कारवाईचा आराखडा लिहिला. पाच पाने, सोळा परिच्छेद. बोलणी मोडली नव्हती, पुढच्या बैठका व्हायच्या होत्या. २५ मार्चच्या संध्याकाळी याह्या खान गुपचूप ढाक्यातून निघून गेले आणि त्याच रात्री ‘ऑपरेशन सर्चलाइट’ सुरू झाले. विद्यापीठाची वसतिगृहे, पोलिसांच्या बराकी, जुन्या ढाक्यातल्या वस्त्या रणगाडे आणि मशीनगनच्या तोंडी दिल्या गेल्या.

त्या वर्षी मुत्सद्देगिरीने वेळ मिळवण्याचा हा पहिला प्रयोग. दुसरा दिल्लीतून झाला. तो आठ महिने चालला आणि त्याची जात पूर्ण वेगळी होती.

एप्रिलपासून पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम आणि मेघालयात येऊ लागले. सैन्य ताबडतोब आत घाला, अशी मागणी संसदेत आणि वर्तमानपत्रांत जोर धरत होती. एप्रिलअखेरच्या मंत्रिमंडळ बैठकीचा प्रसंग लष्करप्रमुख जनरल सॅम माणेकशा यांनी पुढे अनेक व्याख्यानांत सांगितला. अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण, संरक्षणमंत्री जगजीवनराम आणि परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांच्या देखत आपण इंदिरा गांधींना नकार दिला, असे त्यांचे म्हणणे. कारणे रोकडी होती. पावसाळा तोंडावर आला होता आणि पूर्व बंगालच्या नद्या पावसात समुद्रासारख्या पसरतात. तुकड्या देशभर विखुरल्या होत्या, रणगाडे पुरेसे सज्ज नव्हते आणि हिमालयातल्या खिंडी मोकळ्या असल्याने चीन उतरू शकत होता. अभ्यासक श्रीनाथ राघवन आणि चंद्रशेखर दासगुप्ता यांनी कागदपत्रे चाळून या कथेला मुरड घातली आहे. पंतप्रधान आणि त्यांचे सचिव पी. एन. हक्सर यांनाही तेव्हा घाईचे युद्ध नको होते, असे त्यांचे म्हणणे. ते अधिक पटण्यासारखे आहे, कारण अडचण एकट्या लष्कराची नव्हती. त्या वेळी जगाच्या लेखी हा पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न होता. भारताने एप्रिलमध्येच सीमा ओलांडली असती, तर तोच आक्रमक ठरला असता.

म्हणून मुत्सद्द्यांवर दोन कामे एकदम आली: तयारी होईपर्यंत युद्ध लांबवायचे, आणि ते झालेच तर कोणी मध्ये पडणार नाही अशी तजवीज करायची. जूनमध्ये स्वर्णसिंग मॉस्को, बॉन, पॅरिस, ओटावा, वॉशिंग्टन आणि लंडन फिरून आले. जयप्रकाश नारायण यांनीही अनेक देशांत जाऊन निर्वासितांची बाजू मांडली. जुलैत अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर दिल्लीहून इस्लामाबादला गेले आणि तिथून गुप्तपणे बीजिंगला. याह्या खान यांनी ही भेट जुळवून दिल्याने अमेरिका पाकिस्तानला दुखावणार नाही, हे दिल्लीला कळून चुकले.

सोव्हिएत युनियनशी मैत्री कराराची बोलणी १९६९ पासून रेंगाळत होती. आता ती झपाट्याने पुरी झाली. ९ ऑगस्टला दिल्लीत स्वर्णसिंग आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री आंद्रे ग्रोमिको यांनी सह्या केल्या. त्यातले नववे कलम कळीचे होते: दोघांपैकी एकावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला, तर दोघांनी तातडीने सल्लामसलत करून योग्य ते उपाय योजायचे. तरीही सह्या झाल्या आणि मॉस्को लगेच पाठीशी उभे राहिले, असे घडले नाही. सोव्हिएत नेते संयमाचाच सल्ला देत होते. सप्टेंबरअखेर इंदिरा गांधी स्वतः मॉस्कोला गेल्या, त्यानंतर सोव्हिएत नेत्यांचा सूर बदलू लागला.

या काळात सीमेवर काय चालले होते, हे त्रिपुरात सर्वांत नीट दिसते. तीन बाजूंनी पूर्व पाकिस्तानने वेढलेल्या या प्रदेशात मीटरगेज रेल्वे धर्मनगरपर्यंत येऊन थांबे. पुढे आगरताळ्यापर्यंत डोंगरातला अरुंद रस्ता. लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्या चौथ्या कोअरला मेघना नदीकडे मुसंडी मारायची होती आणि तिचा दारूगोळा, इंधन, पुलांचे सामान, इस्पितळे, सगळे याच वाटेने यायचे होते. पावसात रस्ता खचे, तो पुन्हा बांधावा लागे. पश्चिमेकडे कृष्णनगरला दुसरी कोअर नव्याने उभी करण्यात आली. हे काम आठवड्यांत होणारे नव्हते.

पाकिस्तानी लष्कराशी लढणाऱ्या बंगाली मुक्तिवाहिनीलाही महिने हवे होते. पाकिस्तानी नौदलाची ‘मांग्रो’ पाणबुडी फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात होती. तिच्यावरून निसटलेले आठ बंगाली नाविक भारतात पोचले. पलाशीजवळ भागीरथीच्या पाण्यात बंगाली तरुणांना पोहण्याचे आणि जहाजांना सुरुंग लावण्याचे शिक्षण सुरू झाले. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठरलेले गाणे लागले की हल्ल्याची वेळ आली, असा संकेत होता. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथे एकाच रात्री जहाजांवर स्फोट झाले.

वेळ अर्थात दोन्ही बाजूंना मिळतो. जर्मनीशी झालेल्या सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक कराराने ब्रिटनला वर्षभराची उसंत दिली. रडार केंद्रांची साखळी वाढली, स्पिटफायर विमाने तुकड्यांत येऊ लागली. पण त्याच काळात जर्मनीने उरलेला चेक प्रदेश गिळला आणि १९४० मध्ये फ्रान्सवर चाल करताना चेक कारखान्यांतले रणगाडे वापरले. १९७१ मध्ये पाकिस्ताननेही पश्चिमेकडून दोन डिव्हिजन पूर्वेला आणल्या, रझाकार नावाची स्थानिक सहायक दले उभी केली. पण मुक्तिवाहिनीच्या छाप्यांमुळे ही फौज सीमेवरच्या ठाण्यांत विखुरली आणि ढाक्याभोवती फारसे कोणी उरले नाही. इथे काळ भारताच्या बाजूने गेला, तो या छाप्यांमुळे.

या महिन्यांची किंमत छावण्यांनी मोजली. डिसेंबरपर्यंत निर्वासितांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. तिजोरीवरचा भार इतका वाढला की १५ नोव्हेंबरपासून टपालावर निर्वासितांसाठी ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे.

२४ ऑक्टोबरला इंदिरा गांधी तीन आठवड्यांच्या पाश्चात्त्य देशांच्या दौऱ्यावर निघाल्या. वॉशिंग्टनमध्ये ४ आणि ५ नोव्हेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्याशी झालेल्या भेटी कडवट ठरल्या आणि मदतीची आशा मावळली. पण सर्व दारे ठोठावून झाली होती, हे जगाने पाहिले. ब्रिटन आणि फ्रान्सने पुढे सुरक्षा परिषदेत भारताच्या विरोधात मत दिले नाही, ते तटस्थ राहिले.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारतीय तळांवर बॉम्ब टाकले आणि युद्ध उघडपणे सुरू झाले. दुसऱ्याच रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्या सोव्हिएत बनावटीच्या होत्या आणि त्याच वर्षी ताफ्यात आल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ७ डिसेंबरला १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी मागितली. सुरक्षा परिषदेत मात्र सोव्हिएत युनियनने तीन वेळा नकाराधिकार वापरला. हिवाळा आल्याने खिंडी बर्फाने भरल्या होत्या आणि चीनचे सैन्य हलले नाही. अमेरिकेचे ‘एंटरप्राइझ’ जहाज बंगालच्या उपसागरात शिरेपर्यंत ढाका पडायला आले होते. १६ डिसेंबरला ढाक्यातल्या रमना रेसकोर्सवर पूर्वेकडच्या पाकिस्तानी फौजेचे प्रमुख लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली.

लवकर कारवाई करा, असा आग्रह संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांनी त्या वसंतातच धरला होता, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. त्रिपुराचा तो एकच रस्ता, मॉस्कोचा हात आखडता असणे आणि मोकळ्या खिंडी पाहिल्या, तर मे महिन्यात निकाली युद्ध जिंकता आले असते असे मानणे अवघड जाते. मात्र हा हिशेब मांडताना दिल्लीतल्या फायलींबरोबर बनगावच्या छावणीची आणि सीमेपलीकडे जाळल्या गेलेल्या गावांची नोंदही धरायला हवी. मे ते नोव्हेंबर या काळात तिथे जी माणसे मेली, त्यांना विचारून हा वेळ घेतलेला नव्हता.