कमानीची चार कामे

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यात आणि सागवानी डोंगरांच्या कुशीत वसलेले माहूर साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पीठ म्हणून उभ्या महाराष्ट्राला परिचित आहे, आणि मोगल अंमलात ते वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते हेही इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक असते. परंतु रेणुकामातेचा गड, दत्तशिखर आणि अनसूयाशिखर यांच्याकडे चढणाऱ्या घाटवाटांनी आणखी एका वस्तूची वर्षानुवर्षे कसोटी घेतली आहे, आणि ती वस्तू म्हणजे जुन्या जीपगाडीच्या व तिच्याच सांगाड्यावर उभारलेल्या पिकअपच्या पुढच्या चाकांवरील पोलादी कमान. यात्रेकरूंनी दाटलेली काळीपिवळी असो, की कापसाची बोचकी लादलेली पिकअप असो, वळणावरच्या खड्ड्यात पुढचे चाक उतरते तेव्हा पहिला आघात याच कमानीवर पडतो. जुन्या गाडीची ही पुढची कमान बदलावी काय, आणि बदलावी तर कशी, हा प्रश्न वरवर कारखान्यातला वाटला, तरी त्यात जुन्याचा मान आणि नव्याची सोय यांचा पुरातन तंटा दडलेला आहे.

कमान हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ धनुष्य. आपल्याकडे तो दरवाज्याच्या महिरपीला मिळाला, घड्याळातल्या पोलादी पट्टीला मिळाला आणि गाडीखालच्या पाट्यांनाही मिळाला. आमच्या बैलगाडीला कमान नव्हती. आखावरचा प्रत्येक धक्का साटीतून थेट माणसाच्या मणक्यात पोचे. टांग्याने लोकांना कमानीचे सुख दाखविले आणि मोटारीने ते गावोगाव नेले. इंग्लंडात ओबाडाया एलियट याने १८०४ च्या सुमारास घोडागाडीसाठी लंबगोल कमानीचे एकस्व मिळविले, तिचाच अर्धा भाग पुढे मालमोटारीखाली आला. नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर आजही ‘कमान पाटे’ अशी पाटी दिसली की चालक काय ते समजतो. आणि ‘पाटा तुटला’ हे दोन शब्द उच्चारल्यावर उशीर का झाला याचे दुसरे स्पष्टीकरण कोणी मागत नाही.

या गाड्यांची कुळकथा मुंबईत सुरू होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारींची जुळणी आरंभिली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला डॉज व फार्गो मालमोटारी बाहेर पडू लागल्या. आणि १९४९ मध्ये माझगावला महिंद्रांनी विलीज जीपचे सुटे भाग आणून त्यांची जुळणी हाती घेतली. या साऱ्या मालमोटारींच्या व जीपच्या पुढे अखंड ॲक्सल आणि त्याच्या दोन बाजूंस दोन लांबट कमानी ही एकच रचना होती. तीत गुंतागुंत नव्हती, आणि म्हणूनच ज्या गावी विजेचा खांबही पोचला नव्हता, त्या गावचा लोहार व मिस्त्री ती उलगडू शकत होते.

ही साधी दिसणारी कमान एकटीने चार कामे करते, आणि हे ध्यानात न घेता तिला हात लावणे हेच पुढच्या सर्व अनर्थांचे मूळ होय. पहिले काम भार तोलण्याचे. दुसरे काम ॲक्सलला जागेवर धरण्याचे, म्हणजे तो पुढेमागे व डावीउजवीकडे सरकू न देण्याचे. तिसरे काम, ब्रेक लावताच ॲक्सल स्वतःभोवती पिळू पाहतो, तो पीळ सोसण्याचे. चौथे काम उसळी शमविण्याचे: पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात धक्क्याचा काही अंश विरून जातो. चार नोकरांचे काम एकाच पगारात करणाऱ्या या जुन्या सेवकाला निरोप द्यायचा, तर त्याची चारही कामे कोणाच्या शिरी घालायची याची तजवीज आधी झाली पाहिजे.

कमान उतरविण्याचा विधी जवळून पाहण्यासारखा असतो. चेसिस लाकडी ठोकळ्यांवर तोलून धरल्यावर मिस्त्री ओळंबा सोडतो आणि ॲक्सलचा मध्य जमिनीवर खडूने आखून घेतो, कारण उद्या बसणारी नवी कमान याच रेघेला जबाबदार राहणार असते. मग गंजलेल्या यू-बोल्टांना रॉकेल पाजून ते सोडविले जातात, आणि पाट्यांची चळत खाली येते. सेंटर बोल्ट काढताच पाटे सुटे होतात. त्यांच्यामधून विटकरी रंगाची बारीक भुकटी सांडते, आणि जेथे पाटा पाट्यावर वर्षानुवर्षे घासला, तेथे पोलादाला आरशासारखी चकाकी आलेली दिसते. एकेक पाटा दोरीला टांगून त्यावर हातोडी हलकेच मारली जाते. धड पाटा घंटेसारखा खणखणतो; ज्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी चीर आहे, तो मातीच्या फुटक्या घागरीसारखा बद्द वाजतो. सेंटर बोल्टाचे ते इवलेसे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि साऱ्या ॲक्सलची जागा त्या अंगठ्याएवढ्या खुंटीने ठरते, हे पाहिल्यावर यंत्रातही लहान मानकऱ्याचा मान राखावा लागतो हे पटते.

परिवर्तनाचा पहिला आणि सर्वांत सौम्य मार्ग म्हणजे कमान कायम ठेवून तिची लांबी वाढविणे. विलीज जीपची पुढची कमान सुमारे ३६ इंच लांब आणि पावणेदोन इंच रुंद. एवढी आखूड कमान कडक असणारच. कमानीचा कडकपणा तिच्या लांबीच्या घनाने घटतो व पाट्याच्या जाडीच्या घनाने वाढतो, असे यंत्रशास्त्र सांगते. म्हणून ३६ इंचांच्या जागी ४५ इंचांची कमान बसविली, तर बाकी मापे तीच असूनही तिचा कडकपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. बसणाऱ्याच्या पाठीला हे वरदान वाटते. परंतु जी कमान भाराला सहज वाकते, ती ब्रेकच्या पिळालाही सहज वाकते. पहिल्या कामाची सोय तिसऱ्या कामाच्या पदरात ओझे टाकते, हा हिशेब ज्याने मांडला नाही, त्याची गाडी गडावरून उतरताना ब्रेकखाली तोंड फिरवू लागते.

शॅकलची गोष्टही अशीच. कमान दबली की सपाट होते आणि सपाट झाली की लांबते. त्या वाढीव लांबीसाठी तिचे एक टोक झुलत्या शॅकलवर ठेवावे लागते. जुन्या जीपच्या पुढच्या कमानीचे स्थिर टोक मागे आणि शॅकल पुढे असते. त्यामुळे चाक दगडावर चढते तेव्हा ॲक्सल किंचित पुढे, म्हणजे त्या दगडाच्याच अंगावर जातो. शॅकल मागे नेली तर ॲक्सल मागे सरून आघाताला वाट देतो. मात्र स्टिअरिंगची ड्रॅग लिंक, म्हणजे चाके वळविणारी दांडी, जुन्याच वर्तुळात फिरत असते आणि ॲक्सल नव्या वर्तुळात फिरू लागतो. ही दोन वर्तुळे जुळली नाहीत, तर चालकाने चक्र न हलविताही खड्ड्यागणिक चाके वळतात. म्हणून जाणता मिस्त्री कमानीआधी ड्रॅग लिंकची तिरीप पाहतो, आणि ॲक्सलचा कल सुमारे ३ अंश मागे राहावा यासाठी बैठकीखाली पोलादी पाचर देतो. तो कल हरवला की वळण घेतल्यावर चक्र आपोआप सरळ होत नाही आणि सपाट रस्त्यावरही चाके थरथरतात.

दुसरा मार्ग हौशी लोकांना फार प्रिय आहे. जीपची कमान ॲक्सलच्या खालून जाते. ती वरून नेली की गाडी एकदम चार-पाच इंच उंच होते. गाडी रुबाबदार दिसते हे खरे, पण तिचा गुरुत्वमध्य उंचावतो, ड्रॅग लिंक अधिक तिरपी होते आणि ॲक्सलचा पीळ कमानीला अधिक जाचतो. घाटात रुबाबापेक्षा तोल मोलाचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा मार्ग कमानीला कायमचा निरोप देण्याचा. जगाने तो टप्प्याटप्प्याने पत्करला. अमेरिकेत शेव्हरोलेने १९६० च्या पिकअपला पुढे पिळदांड्यांची (टॉर्शन बारची) स्वतंत्र रचना दिली आणि १९६३ मध्ये कॉइल स्प्रिंग आणली. फोर्डने १९६५ मध्ये एका आडव्या ॲक्सलच्या जागी दोन तुळया बसविल्या. आपल्याकडे महिंद्रांच्या बोलेरोला २००० मध्ये पुढे कॉइल स्प्रिंग मिळाली. २०१० च्या थारला पुढे पिळदांडी आली पण मागे कमान राहिली, आणि २०२० च्या थारमध्ये मागची कमानही गेली. मात्र कारखान्याने हे केले तेव्हा चारही कामांची वाटणी केली: भार स्प्रिंगने उचलला, चाकाची जागा व ब्रेकचा पीळ भुजांनी सांभाळला, उसळी शॉक ॲब्सॉर्बरने शमविली. जुन्या पिकअपच्या अखंड ॲक्सलखाली नुसती स्प्रिंग उभी करणारा मनुष्य यांतील एकच काम पाहतो. स्प्रिंग फक्त वरचा भार जाणते. ॲक्सलला पुढेमागे धरण्यासाठी भुजा आणि आडवे सरकू न देण्यासाठी चेसिसपासून निघणारी एक आडवी दांडी दिल्यावाचून तो ॲक्सल निराधार असतो.

कायद्याची हरकतही येथे विचारात घ्यावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ नोंदणीच्या दाखल्यातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करते. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र दर्जा आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी देऊ केली. पण अशा गाडीच्या चेसिसमध्ये, बॉडीत वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा आणि ती धंद्यासाठी वापरू नये, अशी अट घातली. म्हणजे ज्याला हा मान हवा, त्याने चेसिसला कटर लावण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. याचसाठी मी म्हणतो की खरा कारागीर बोल्टाने जोडतो, वेल्डिंगने नव्हे. जुन्या भोकांना जुनीच भोके राहू देतो. आणि उद्या कोणाला पूर्वस्थिती आणावीशी वाटली तर तिला वाट ठेवतो.

उतरविलेल्या जुन्या पाट्यांकडे गावच्या लोहाराचे लक्ष असतेच, कारण कमानीच्या पोलादाचा कोयता धार धरतो आणि कुऱ्हाड बोथटत नाही. तुटक्या पाट्याला ते मरण सन्मानाचे आहे. पण पाटे धड असतील, तर ती जोडी तेल माखून, डावी कोणती व उजवी कोणती याची खूण करून आढ्याला टांगावी. महसुलाच्या दप्तरात जमिनीचा फेरफार होतो तेव्हा सातबाऱ्यावरील जुने नाव खोडून नाहीसे करीत नाहीत. त्याला कंस करतात, म्हणजे हक्क नव्याकडे जातो आणि जुने नाव वाचता येत राहते. माहूरच्या घाटात अर्धे आयुष्य झिजलेल्या कमानीला तेवढा कंस आपण देणे लागतो.