समान शाळेऐवजी बंद शाळा : प्रिन्स एडवर्ड काउंटीची पाच वर्षे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात एकमताने निकाल दिला आणि सरकारी शाळांतील वर्णाधारित विभाजन घटनाबाह्य ठरविले. नागरी हक्कांच्या इतिहासात या निकालाचा उल्लेख आदराने केला जातो. मात्र ज्या खटल्यांची त्यावेळी एकत्रित सुनावणी झाली, त्यांपैकी एक ज्या भागातून आला होता, तेथे पुढील दहा वर्षांत समान शाळा उघडली नाही. उलट होत्या त्या सरकारी शाळाही बंद करण्यात आल्या. हा भाग म्हणजे व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटी. काउंटी हा आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक असून, शाळांसाठी स्थानिक कर बसविण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. पुढील सारा संघर्ष याच अधिकाराभोवती फिरला.

रेल्वेच्या डब्यांसंबंधीच्या ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात १८९६ मध्ये ‘स्वतंत्र पण समान’ हे तत्त्व मान्य झाले होते. दक्षिणेकडील राज्यांनी ते शाळांनाही लागू केले. त्यातील ‘स्वतंत्र’ हा भाग काटेकोरपणे पाळला गेला, ‘समान’ हा भाग कागदावर राहिला. काउंटीतील फार्मव्हिल गावी कृष्णवर्णीयांसाठीचे मोटन हायस्कूल १९३९ मध्ये सुमारे १८० विद्यार्थ्यांसाठी बांधण्यात आले. १९५१ पर्यंत तेथे साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. वाढलेल्या वर्गांसाठी आवारात डांबरी कागदाने मढविलेल्या शेड उभारण्यात आल्या. शाळेत व्यायामशाळा नव्हती, उपाहारगृह नव्हते, प्रयोगशाळा नव्हती.

२३ एप्रिल १९५१ रोजी या शाळेतील विद्यार्थ्यांनी संप पुकारला. नेतृत्व बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने केले. मुख्याध्यापकांना एका बनावट दूरध्वनीने शाळेबाहेर पाठविण्यात आले आणि त्यानंतर सभागृहात जमलेल्या विद्यार्थ्यांसमोर तिने संपाची हाक दिली. मागणी होती ती चांगल्या इमारतीची. ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी मात्र वेगळी अट घातली. नव्या इमारतीसाठी दावा लढणार नाही, विभाजनच रद्द करण्याची मागणी करणार असाल तर लढू, असे त्यांनी सांगितले. विद्यार्थी व पालकांनी ही अट स्वीकारली. जोखीम लहान नव्हती. बार्बराला सुरक्षिततेसाठी अलाबामातील माँटगोमेरी येथे तिचे काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठवावे लागले.

त्या अटीमागील दूरदृष्टी लवकरच सिद्ध झाली. संघीय न्यायालयाने १९५२ मध्ये सुविधा असमान असल्याचे मान्य करून त्या सुधारण्याचा आदेश दिला, परंतु विभाजन वैध ठरविले. काउंटीने नवे मोटन हायस्कूल बांधले आणि ते १९५३ मध्ये सुरू झाले. म्हणजे इमारतीची मूळ मागणी पूर्ण झाली होती. केवळ तेवढ्यासाठीच लढा असता, तर तो तेथेच संपला असता.

१९५४ च्या निकालानंतर अंमलबजावणी कधी व कशी करायची, यावर न्यायालयाने ३१ मे १९५५ रोजी दुसरा निकाल दिला. त्यात कोणतीही मुदत नव्हती. ‘विचारपूर्वक त्वरेने’ पावले उचलावीत, एवढेच सांगण्यात आले. या शब्दरचनेतील ‘विचारपूर्वक’ हा भाग दक्षिणेने उचलला. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी १९५६ मध्ये ‘प्रचंड प्रतिकारा’ची हाक दिली. न्यायालयीन आदेशाने एकत्रीकरण होऊ घातलेल्या शाळा बंद करण्याची तरतूद राज्याने केली आणि १९५८ मध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल आदी ठिकाणी ती वापरली. १९ जानेवारी १९५९ रोजी राज्याचे सर्वोच्च न्यायालय आणि संघीय न्यायालय या दोघांनीही ही व्यवस्था रद्द ठरविली. त्या शाळा पुन्हा उघडल्या.

प्रिन्स एडवर्डने वेगळी वाट शोधली. सप्टेंबर १९५९ पासून विभाजन थांबवावे, असा आदेश संघीय अपील न्यायालयाने दिला होता. जूनमध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने शाळांसाठी कर बसविण्यासच नकार दिला. कर नाही म्हणून निधी नाही आणि निधी नाही म्हणून शाळा नाही, असा हा सरळ हिशेब होता. गौरवर्णीय मुलांसाठी प्रिन्स एडवर्ड अकादमी ही खासगी शाळा त्याच शरद ऋतूत सुरू झाली. पुढे राज्याचे शुल्क अनुदान आणि काउंटीची करसवलत यांचा आधार तिच्या पालकांना मिळाला. संघीय न्यायालयाने १९६१ मध्ये, सरकारी शाळा बंद असेपर्यंत ही मदत देण्यास मनाई केली. शाळा मात्र बंदच राहिल्या.

येथे कायद्याचा खरा पेच होता. अमेरिकेच्या संघराज्यीय घटनेत ‘शिक्षण’ हा शब्दही नाही. चौदावी घटनादुरुस्ती कायद्याच्या समान संरक्षणाची हमी देते. राज्य शाळा देत असेल, तर ती सर्वांना समान अटींवर दिली पाहिजे, हा ब्राऊन निकालाचा आशय होता. कोणालाच शाळा दिली नाही तर? सर्वांना समान नकार दिला, असा काउंटीचा बचाव होता. काउंटीवर कर उभारण्याची सक्ती नसल्याचा कौल व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६३ मध्ये दिला. भारतीय वाचकाला हा युक्तिवाद विचित्र वाटेल, कारण २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २१-क हे ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शिक्षण देण्याचे बंधनच राज्यावर घालते.

या पेचाची किंमत सुमारे १७०० मुलांनी मोजली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते; काही गरीब गौरवर्णीयही होते. चर्चच्या तळघरांत शिकवणी वर्ग भरले. काही मुलांना नातेवाइकांकडे, तर काहींना क्वेकर पंथीयांच्या एका संस्थेमार्फत परक्या राज्यांतील कुटुंबांकडे पाठविण्यात आले. अनेकांचे शिक्षण सुटले ते कायमचेच. कृष्णवर्णीयांसाठीही खासगी शाळा काढण्याचा प्रस्ताव गौरवर्णीयांकडून आला होता. तो स्वीकारला असता तर मुलांना वर्ग मिळाले असते आणि खटल्याचा पायाच निखळला असता. पालकांनी नकार दिला. त्या निर्णयाचे कौतुक करताना, तो घेणाऱ्यांच्याच मुलांची वर्षे त्यात गेली, हे नजरेआड करता येत नाही. सप्टेंबर १९६३ मध्ये केनेडी प्रशासनाच्या पुढाकाराने आणि खासगी देणग्यांतून विनाशुल्क शाळा सुरू झाल्या. तेव्हा शाळेला मुकून चार वर्षे लोटली होती.

‘ग्रिफिन विरुद्ध काउंटी स्कूल बोर्ड’ या खटल्याचा निकाल २५ मे १९६४ रोजी लागला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी समान नकाराचा बचाव फेटाळला. राज्यातील अन्य काउंट्यांत सरकारी शाळा सुरू असताना येथील मुलांनाच वंचित ठेवण्यात आले आणि त्यामागे गौरवर्णीय व कृष्णवर्णीय मुले एका वर्गात बसू नयेत हेच कारण होते, असा निष्कर्ष त्यांनी नोंदविला. ‘विचारपूर्वक त्वरे’चा काळ संपला, हेही स्पष्ट केले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गरज पडल्यास पर्यवेक्षकांना कर बसविण्याचा आदेश देण्याची मुभा कनिष्ठ न्यायालयाला मिळाली. शाळा उघडण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, या मुद्द्यावर दोन न्यायमूर्तींनी असहमती नोंदविली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारी शाळा उघडल्या. गौरवर्णीय विद्यार्थी मात्र नगण्य होते. बहुतेक अकादमीतच राहिले आणि तिने कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्यास १९८० च्या दशकापर्यंत वेळ घेतला. ग्रिफिन निकालाचा आवाकाही मर्यादितच राहिला. १९७३ मध्ये टेक्सासमधील शाळांच्या असमान निधीविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी, शिक्षण हा संघराज्यीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नसल्याचे म्हटले. स्थानिक मालमत्ता कराच्या उत्पन्नानुसार शाळांचा दर्जा बदलण्याची व्यवस्था त्यामुळे घटनेच्या कसोटीवर टिकली.

फार्मव्हिलमधील जुन्या मोटन हायस्कूलच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. शाळाबंदीमुळे शिक्षणाला मुकलेल्यांसाठी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २००४ मध्ये शिष्यवृत्ती योजना मंजूर केली. १९५९ साली पहिलीच्या उंबरठ्यावर असलेली मुले तोवर पन्नाशीत पोहोचली होती.