पाळीतली पोटदुखी: सोसायची की गोळी घ्यायची?

नववी-दहावीचे हजेरीपुस्तक चाळताना आम्हा शिक्षिकांच्या एक गोष्ट नेहमी लक्षात येते. काही मुलींच्या नावापुढे दर महिन्याला, साधारण त्याच सुमारास, एक-दोन दिवसांची गैरहजेरी असते. रजेच्या चिठ्ठीवर 'पित्त', 'ताप', 'घरी पाहुणे' असे काहीही लिहिलेले असते. खरे कारण आईला ठाऊक असते आणि आम्हालाही ठाऊक असते, पण ते कोणी लिहीत नाही.

मागे एसएसएलसीच्या सराव परीक्षेच्या वेळी मात्र या गोष्टीकडे डोळेझाक करणे आम्हाला शक्य झाले नाही. एका विद्यार्थिनीच्या पोटात सकाळपासून कळा येत होत्या. त्या दिवशी तिला संकष्टीचा उपवास होता. मैत्रिणीच्या दप्तरातली गोळी तिने रिकाम्या पोटी घेतली, गुण येईना म्हणून थोड्या वेळाने दुसरीही घेतली. शेवटी उलट्या होऊन ती अर्धा पेपर टाकून घरी गेली. त्याच आठवड्यात दुसरी एक मुलगी बाकावर डोके टेकून बसलेली दिसली. तिच्या आईचे म्हणणे होते, "गोळीची सवय लागते. आम्ही नाही का सोसलं?"

पहिलीने कोणाला न विचारता गोळी घेतली आणि दुसरीला गोळी मिळूच दिली नाही. दोघींचेही नुकसान झाले. म्हणून या अंकात या विषयावर सरळ लिहायचे आम्ही ठरवले.

दुखते कशामुळे?

महिनाअखेरीस गर्भाशयाचे आतले अस्तर सुटू लागते, तेव्हा त्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात व अस्तर बाहेर पडायला मदत होते. ही द्रव्ये प्रमाणाबाहेर झाली की स्नायू फार जोराने आवळतात, तिथल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळा येतात. हीच द्रव्ये रक्तात गेली की मळमळ, उलटी, जुलाब व डोकेदुखी होते. म्हणजे ही दुखणी मुलीच्या मनाची नाहीत, नाजूकपणाची नाहीत आणि अभ्यास टाळण्याची तर मुळीच नाहीत.

१९५७ साली पिकल्स या शास्त्रज्ञाने पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारे द्रव्य असल्याचे दाखवून दिले. पुढे १९७१ साली इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, असे सिद्ध केले. या क्षेत्रातील कामाबद्दल त्यांना व स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाळीच्या दुखण्यावर आज जी औषधे दिली जातात, त्यांचे काम या शोधातून समजते.

गोळी नेमके काय करते?

आपल्याकडे डॉक्टर या दुखण्यासाठी बहुधा मेफेनॅमिक ॲसिड देतात. ते दाह व वेदना कमी करणाऱ्या औषधांच्या कुळातले आहे. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन व डायक्लोफेनॅक ही त्याच कुळातली भावंडे. दुकानात 'मेफ्टाल-स्पास' या नावाने मिळणाऱ्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिडच्या जोडीला डायसायक्लोमिन हे स्नायू सैल करणारे औषध असते. त्याने काहींना तोंडाला कोरड पडते, झापड येते किंवा अंधुक दिसते. परीक्षेच्या दिवशी ही गोळी पहिल्यांदाच घेऊन पाहू नये, ती यासाठी.

हे औषध नवे प्रोस्टाग्लँडिन तयार होणे थांबवते. आधीच तयार झालेले मात्र ते पुसून टाकू शकत नाही. दूध उतू जाण्याआधी गॅस बारीक केला तर उपयोग, ओट्यावर सांडल्यावर बारीक करून काय होणार? गोळीचेही तसेच आहे. कळा असह्य होईपर्यंत थांबून मग घेतली तर तिचा गुण उशिरा व कमी येतो आणि 'या गोळीने काही होत नाही' असा समज होतो. पाळी सुरू होताच किंवा दुखण्याची पहिली चाहूल लागताच ती घ्यायची असते. त्यासाठी घरच्या कालनिर्णयावर दर महिन्याची तारीख खूण करून ठेवावी, म्हणजे अंदाज राहतो.

घेताना काय पाळावे?

गोळी नेहमी काही खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. या औषधाने पोटाचे आतले आवरण दुखावते, म्हणून उपवासाच्या दिवशीही दूध-केळे तरी खाऊन घ्यावे. किती व किती तासांनी घ्यायची हे मुलीचे वय व वजन पाहून डॉक्टर ठरवतात. सांगितल्यापेक्षा जास्त घेऊ नये. बहुतेकींना पहिले दोन-तीन दिवसच तिची गरज असते. याच कुळातली दोन औषधे एकाच वेळी घेऊ नयेत. अंगदुखीच्या किंवा तापाच्या गोळीतही आयबुप्रोफेन असू शकते, म्हणून पाकिटावरचे नाव वाचावे.

दम्याचा त्रास, पोटातला व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वी अशा गोळीने अंगावर पुरळ आलेले असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. डेंग्यूची शंका असेल तर ही औषधे घेऊच नयेत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्यात ताप आणि पाळी एकदमच आली, तर हे विशेष लक्षात ठेवावे.

मेफेनॅमिक ॲसिड आपल्या देशात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचे औषध आहे. दुकानदार चिठ्ठी न मागता देतो म्हणून ते गोळ्या-बिस्किटांसारखे होत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी इंडियन फार्माकोपिया कमिशनने या औषधाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. काही रुग्णांत त्याने तीव्र ॲलर्जी होते. अंगावर पुरळ व ताप येतो, गाठी सुजतात, यकृतासारख्या अवयवांनाही त्रास पोहोचतो. हे क्वचित घडते आणि गोळी घेतल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनीही घडू शकते. त्या सूचनेने औषधावर बंदी आली नाही. पण पुरळ व ताप दिसला तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरांकडे जावे आणि मागे कोणती गोळी घेतली होती ते सांगावे.

तीन गैरसमज

'सवय लागते.' या गोळीची नशेसारखी सवय लागत नाही. दर महिन्याला दुखते म्हणून दर महिन्याला लागते, इतकेच.

'पुढे मूल होत नाही.' पाळीच्या दोन-तीन दिवसांपुरती, सांगितल्याप्रमाणे घेतलेल्या गोळीने असे होत असल्याचे दिसलेले नाही.

'घाण आत राहते.' मेफेनॅमिक ॲसिडने स्राव थोडा कमी होऊ शकतो. जास्त स्रावासाठी डॉक्टर ते मुद्दाम देतातही. रक्त आत साठून राहत नाही, मुळात कमी जाते.

आजीच्या उपायांना आमचा विरोध नाही. ओटीपोट शेकण्याचा उपयोग होतो हे अभ्यासांतही दिसले आहे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवावी. ओव्याचे गरम पाणी, थोडे चालणे, हलके व्यायाम यांनीही बरे वाटते. सौम्य दुखणे एवढ्यानेच निभते, गोळी लागतही नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जायलाच हवे?

गोळी वेळेवर घेऊनही शाळा बुडत असेल, दुखणे महिन्यागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, लघवी-शौचाला त्या दिवसांत वेदना होत असतील, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल किंवा सोबत ताप असेल, तर केवळ गोळ्या बदलत बसू नये. एंडोमेट्रिओसिससारखा आजार त्यामागे असू शकतो. जगभरात पुनरुत्पादनाच्या वयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना तो असतो, आणि 'पाळीत दुखतेच' म्हणून अनेकींचे निदान कित्येक वर्षे लांबते.

मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले तर लोक काय म्हणतील, आतून तपासणी करतील का, या भीतीने पालक मागे राहतात. कुमारिकांच्या बाबतीत डॉक्टर बहुधा प्रश्न विचारून, पोट तपासून आणि गरज पडली तर पोटावरून सोनोग्राफी करून निदान करतात. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'स्नेहा क्लिनिक' असते, तिथे सल्ला मिळतो.

आमची विनंती

पालकांनी एकदा डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन तिची प्रत व आपली लेखी संमती वर्गशिक्षिकेकडे द्यावी. त्याशिवाय शाळा कोणालाही ही गोळी देणार नाही. मुलींनो, दप्तरातली गोळी मैत्रिणीला देऊ नका. तुम्हाला मानवली ती तिला मानवेलच असे नाही. मुलांनाही सांगणे आहे, वर्गातली मुलगी त्या दिवशी गप्प बसली तर चेष्टा करू नका.

विश्वस्त मंडळींकडे आम्ही फार मागत नाही. एक खाट, दोन गरम पाण्याच्या पिशव्या, दाराला कडी असलेली खोली आणि स्वच्छतागृहात बारमाही पाणी, एवढे झाले तरी अर्ध्याहून मोकळे होता येईल.

आणि पुढच्या वेळी रजेच्या चिठ्ठीवर 'पाहुणे' लिहू नका. 'पाळीमुळे पोट दुखत आहे' असे लिहा. आम्ही ती चिठ्ठी नीट वाचू आणि बुडालेला धडाही पुन्हा शिकवू.