टेस्ला कॉईल ट्यून कशी करतात?



इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही तिघांनी टेस्ला कॉईल बनवली होती. निकोला टेस्ला यांनी १८९१ साली तयार केलेलं हे सर्किट. स्विच दाबला, स्पार्क गॅप कडकडला, पण वरच्या टोकाला एक ठिणगी नाही! वायरिंग तर बरोबर होतं. मग चुकलं काय? ट्यूनिंग.

यात दोन कॉईल असतात. जाड तारेची, कमी वेढ्यांची प्रायमरी आणि बारीक तारेची, शेकडो वेढ्यांची सेकंडरी. प्रायमरीतली ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून सेकंडरीत जाते. झोक्याला त्याच्या लयीत धक्के दिले तरच तो उंच जातो, तसंच इथेही दोघींची फ्रिक्वेन्सी जुळावी लागते. म्हणजेच इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सचा गुणाकार दोन्हीकडे सारखा हवा.

आमची सेकंडरी २० मिलिहेन्रीची. तिची स्वतःची कपॅसिटन्स ७ पिकोफॅरड, म्हणून फ्रिक्वेन्सी साधारण ४२५ किलोहर्ट्झ धरली. पण वर बसवलेल्या धातूच्या रिंगचे ८ पिकोफॅरड मी मोजलेच नव्हते! एकूण १५ झाले आणि खरी फ्रिक्वेन्सी निघाली सुमारे २९० किलोहर्ट्झ. आमचा प्रायमरी कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा होता. त्याला १४ नव्हे, ३० मायक्रोहेन्री हवे होते. म्हणजे प्रायमरीवरची क्लिप सातव्या वेढ्यावरून दहाव्यावर न्यायची.

मित्राने मेन स्विच बंद केला आणि थेट क्लिपकडे हात नेला. सरांनी त्याचं मनगट धरलं. अर्थिंगची तार जोडलेली इन्सुलेटेड काठी घेऊन त्यांनी कपॅसिटरची टोकं शॉर्ट केली. फाडकन आवाज आला! सप्लाय बंद होता, पण चार्ज आतच होता. तिघेही गप्प.

क्लिप हलवल्यावर ठिणग्या निघाल्या. ठिणगी लांब होते तशी तिचीही कपॅसिटन्स वाढते आणि सेकंडरीची फ्रिक्वेन्सी आणखी खाली येते. म्हणून क्लिप अजून थोडी बाहेर घेतली. अर्थात, दर वेळी आधी कपॅसिटर डिस्चार्ज करूनच.

तुमच्या मोबाईलचं वायरलेस चार्जिंगसुद्धा अशाच दोन कॉईलवर चालतं, फक्त व्होल्टेज खूप कमी. ते बिनधास्त वापरा. टेस्ला कॉईल मात्र घरी एकट्याने करून बघू नका. आकडा चुकला तर परत मांडता येतो, हात चुकला तर नाही.